मागून हाक

परवा चौघं दुकानात शिरले आणि न विचारता खुर्च्या ओढून बसले. अंबाजोगाईत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळं माझ्याच मशीनमधून निघतं, त्यामुळं अशी माणसं रोजचीच. त्यातला पांढऱ्या शर्टाचा म्हणाला, "भाऊ, एक मोठ्ठा फ्लेक्स करा. वर लिव्हा, आपल्या मातीतला सुपुत्र. खाली गिटारचं चित्र टाका. नागरी सत्कार ठेवलाय."

कोणाचा म्हणून विचारलं, तर आमच्या सरांचं नाव घेतलं. वर म्हणतो कसा, "तुमी त्यांच्यासंग वाजवत होते म्हनं. फोटो असंलच तुमच्याकडं. आन जरा फोनबी तुमीच लावा. आमचा उचलंना गेलेत. त्यांचं एक म्युझिक लई चालायलंय मोबाइलवर, दुबईवाले लोकबी ऐकायलेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्कार! परत! हा पांढरा शर्ट मागच्या वेळी स्टेजवर बसला होता, गळ्यातला हार मांडीवर ठेवून मोबाइल बघत. मी ओळखलं त्याला. त्यानं मला ओळखलं नाही, आणि आपण तेव्हा काय करून ठेवलं हे तर त्याच्या गावीही नव्हतं.

"फ्लेक्स मिळणार न्हाई," मी म्हणालो. "दुसरं दुकान बघा."

"कावून?"

कावून विचारतो! मी मशीनकडं वळलो. निघताना त्यांचं आपापसात चाललं होतं की जुना निवेदक या कार्यक्रमाला नको म्हणतोय, काय झालंय त्याला कुणास ठाऊक, नवा बघावा लागेल. ते ऐकून मात्र मला जरा बरं वाटलं.

सर म्हणजे लांबलचक, वाळक्या अंगाचा माणूस. कृषी सेवा केंद्राच्या वरच्या खोलीत त्यांचा गिटारचा क्लास होता. खालच्या खताचा वास जिन्यानं वर यायचा आणि शिकायला आलेली पोरं नाकाला रुमाल लावून बसायची. सरांना त्याचं काही नव्हतं. कोपऱ्यात ॲम्प्लिफायर, आणि ॲम्प्लिफायरवर घोंगडी. काळी, जाडजूड, खरखरीत, वडिलांची. नवा माणूस हमखास विचारायचा, "सर, मशीनला थंडी वाजती का?"

"वाजती की," सर म्हणायचे. 

त्यामागचं कारण साधं होतं. उघड्या ॲम्पमधून गिटार टणटण वाजायची, पत्र्यावर खडे पडल्यासारखी. घोंगडी टाकली की आवाजाची धार जायची आणि सूर मऊ व्हायचा. त्यात ते प्लास्टिकच्या पट्टीनं वाजवत नसत, नुसत्या अंगठ्यानं वाजवायचे. पुष्कळदा एकच सूर दोन तारांवर, खालचा आणि वरचा, जोडीनं. बैलजोडी कशी एका चालीनं चालते, तसे ते दोन सूर चालायचे. याला जगात स्मूद जॅझ म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं. "म्हंजी काय?" मी विचारलं होतं. म्हणाले, "ज्यात भांडण न्हाई असलं संगीत."

मी त्यांच्याबरोबर कीबोर्ड वाजवायचो. माझ्यात भांडणच भांडण. अजूनही आहे. त्यांचं आणि माझं कसं जमलं देव जाणे. माझा हात जोरात पडला की ते वाजवायचे थांबत नसत, माझ्याकडं बघतही नसत, फक्त स्वतःचा आवाज आणखी बारीक करायचे. मग मलाच लाज वाटून मी हळू व्हायचो. हे त्यांचं ठरलेलं हत्यार. म्हणायचे, "गड्या, आवाज बारका केला की माणूस जवळ येतंय."

कोण आलं हो जवळ? मी त्यांना तोंडावर विचारलंय हे. या गावात ज्याच्या लग्नात खिडकीच्या काचा फुटतात तो मोठा. मिरवणुकीत छातीत धडधडल्याशिवाय लोकांना वाजल्यासारखं वाटत नाही. आणि हा माणूस घोंगडीखालून वाजवणार, आणि लोक जवळ येणार! एका डॉक्टरांच्या मुलीच्या रिसेप्शनला आम्हाला बोलावलं होतं. आम्ही आधीच इतकं हळू वाजवत होतो की मला माझाच कीबोर्ड ऐकू येत नव्हता. तरी डॉक्टरांचे व्याही जेवणाचं ताट घेऊन आले आणि म्हणाले, "जरा कमी ठेवा, पाव्हण्यांना बोलता येईना." सरांनी कमी केलं. थोड्या वेळानं दुसरे आले, "अजून थोडं." सरांनी अजून कमी केलं. शेवटी वायर काढून नुसते वाजवत बसले, चेहऱ्यावर तेच हसू. मी स्टँडला लाथ घालून उठणार होतो. ते म्हणाले, "बस की. त्यांचं बोलणंबी बरंच सुरात चाललंय." असल्या माणसाचं करायचं काय?

क्लासला येणाऱ्या पोरांना दोन आठवड्यांत रीलवर टाकण्याजोगं गाणं यायला हवं असायचं. सर त्यांना एका तारेवर बसवायचे. एकच तार, एकच सूर, छेडायचा आणि तो संपेपर्यंत गप्प बसायचं. "संपला?" ते विचारायचे. पोरगं म्हणायचं, संपला. "न्हाई संपला. तू ऐकायचा थांबलास." पोरं कंटाळून जायची. बाप येऊन फी परत मागायचे आणि सर देऊनही टाकायचे.

त्यांचे अल्बम चार. खोलीतच रेकॉर्ड केलेले, खिडकीला गाद्या लावून. पहिला 'दुपार'. त्यात ड्रम नाही. गल्लीतल्या एका तबलजीचा पुतण्या सुपावर केरसुणी फिरवत बसलाय, आणि ती खसखस इतकी झकास लागलीय की हैदराबादच्या एका वादकानं लिहून विचारलं, कुठल्या कंपनीचे ब्रश वापरले? सरांनी खरं ते कळवलं. त्याला ती थट्टा वाटली. दुसरा अल्बम 'स्टँड', सगळा थांबून थांबून चालणारा, एस.टी.ची वाट बघणाऱ्या माणसासारखा. तिसरा 'नळ'. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, आणि आलं की अख्ख्या गल्लीत जी पळापळ होते ती त्यात आहे, पण सरांच्या पद्धतीची पळापळ, म्हणजे कोणी कोणाला धक्का न देता केलेली. तो मला सगळ्यांत आवडतो. गावात तो कोणी ऐकला? एका दवाखान्यात पेशंट बसतात तिथं लावायचे. म्हणे पेशंट शांत राहतात. आणखी एकानं सांगितलं, "सर, तुमच्या म्युझिकनं लई गाढ झोप लागती." ही तारीफ! आणि हा माणूस हात जोडून "वा, वा" म्हणतो.

या चारही अल्बमांत एक गोष्ट सारखी. सरांचं एकही गाणं संपत नाही. आपल्याकडं भजन असो, लावणी असो, शेवटी कसं धाडकन् संपवतात, लोकांना कळतं, टाळी पडते. सरांचं गाणं तसं कधी थांबायचं नाही. वाजता वाजता लहान होत जायचं, लहान, आणखी लहान, आणि मग कधी गेलं ते कळायचं नाही. स्टेजवर ते करंगळीनं गिटारचं बटण हळूहळू खाली आणायचे. लोकांना वाटायचं लाइट गेली. तोवर त्यांच्या एकाही गाण्याचा शेवट या गावानं ऐकला नव्हता. शेवट सुरू झाला की लोक बोलायला सुरुवात करायचे.

मी एकदा वैतागून म्हणालो, "सर, एखादं तरी धाडकन् संपवा की. टाळी तरी पडंल."

तेव्हा त्यांनी सांगितलं. सरांचं घर धनगराचं. उमापूरकडं, गेवराई तालुक्यात, माळाच्या कडेला त्यांची वस्ती. दिवाळी झाली की वडील, म्हणजे सरांचे दादा, मेंढरं घेऊन चारणीला लांब जायचे, ते पाऊसकाळ जवळ आल्यावर परत. आई पोरांना आणि म्हाताऱ्या सासऱ्याला घेऊन मागं राहायची. कळप निघाला की आई दारात उभी. मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत वाजत माळावर चढायच्या आणि पलीकडं उतरायच्या, आणि शेवटची घंटी ऐकू यायची बंद होईपर्यंत घरात कोणी शब्द काढायचा नाही. जाणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, हे तर सगळीकडंच आहे. पण सरांच्या आईचं त्याहून कडक. जाणं ऐकू येतंय तोवर माणूस अजून घरचाच आहे, म्हणून तोंड बंद. मग ती म्हणायची, "गेलं." आणि कामाला लागायची.

"एका साली," सर म्हणाले, "कळप माळावर चढला आन गावातला एकजण मागनं वरडला. दादांची तंबाखूची पिशवी ऱ्हायली व्हती. एवढ्यासाठी. दादा माघारी आले, पिशवी घेतली. मग माणसं जमली, बोलत बसली, हसली. त्या गलबल्यात दादा कवा गेले, आईला ऐकूच आलं न्हाई. त्या साली नगरच्या बाजूला ट्रकनं उडवलं त्यांना."

मी कीबोर्डचं बटण बंद केलं.

"आई अजून म्हनती, त्येंचं जानं माज्या कानात पुरं झालंच न्हाई."

पुढं मेंढरं विकली, पोराला अंबाजोगाईला वसतिगृहात घातलं. तिथल्या मेसमध्ये सर वाढायला उभे राहायचे तेव्हा मेडिकलचा एक विद्यार्थी परदेशी गिटारच्या कॅसेटी लावायचा. त्यातली गाणी शेवटी थांबत नव्हती, जात होती. सर हातात वरणाची बादली घेऊन ऐकत राहिले आणि पोरं ताटं बडवायला लागली. तेव्हापासून हे खूळ. चौथा अल्बम 'माळापल्याड' त्यांनी आईसाठी केला होता. कितीतरी वर्षं घासत होते तो. अल्बमचं प्रकाशन करायचं, आईला पहिल्या रांगेत बसवायचं आणि शेवटचं गाणं तिच्यासमोर वाजवायचं, शेवटाच्या शेवटापर्यंत. त्या गाण्यात वडील माळावर चढत होते. आयुष्यात त्यांनी या गावाकडं मागितलं ते एवढंच.

आणि या लोकांनी ते कसं केलं ते ऐका.

एका शाळेचं सभागृह घेतलं. सर म्हणाले होते, स्टेजवर मी आणि हा कीबोर्डवाला, बास. पण संयोजक म्हटल्यावर संयोजक! स्टेजवर सोफा आला, खुर्च्या आल्या, साहेब येणार म्हणून मधली खुर्ची उंच आली. आई उमापूरहून जीपनं आली होती, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात काठी. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं. पाठ वळवली तर कोणीतरी तिला उठवून मागं नेलेलं. "पुढचं राखीव हाय आजी." राखीव! ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, तिला जागा नाही. मी परत पुढं आणून बसवलं आणि त्या स्वयंसेवकाला चार शब्द सुनावले. मग स्टेजवर जाऊन बघतो तर ॲम्प उघडा. घोंगडी मागं चपलांच्या ढिगाऱ्यावर टाकून दिलेली. साउंडवाला म्हणाला, "सायबांसमोर बरं दिसत न्हाई." मी घोंगडी झटकून आणेपर्यंत साहेबांची गाडी आली, आणि मला कोणी स्टेजवर फिरकू देईना.

मग सत्कार. हे आमच्याकडचं दुखणं आहे. स्टेजवरच्या प्रत्येकाला फेटा, शाल, हार, नारळ. देणाऱ्याचं नाव घ्यायचं, घेणाऱ्याचं घ्यायचं, आणि राहिलेला रुसतो म्हणून राहिलेल्याचंही घ्यायचं. निवेदक होता, सफारीतला, खणखणीत आवाजाचा. लग्नात, जयंतीला, सगळीकडं तोच. त्याचा हात माईकवरून निघत नव्हता. उजेड उतरायला लागला तरी आम्ही वाजवलेलं नाही. आई ताठ बसून होती. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

शेवटी एकदाचं आम्हाला सोडलं. सरांनी 'माळापल्याड' सुरू केलं. ॲम्प उघडा, आवाज टणटणीत, पण सरांच्या अंगठ्यानं तेवढ्यातही तो मऊ करून घेतला. आणि काय सांगू, सभागृह हळूहळू गप्प झालं. खरंच झालं. पोरं मोबाइल खाली ठेवून बघायला लागली. आईनं डोळे मिटले. गाणं माळावर चढलं. सरांची करंगळी बटणावर गेली आणि घंट्या लांब जायला लागल्या.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा!"

साउंडवाल्याला वाटलं, काहीतरी बिघडलं. त्यानं वाढवलं. सरांनी आणखी कमी केलं. त्यानं आणखी वाढवलं. मी कीबोर्डवरून त्याला हातवारे करतोय, नको, नको. त्याला वाटलं मी वाढव म्हणतोय. सर माळाच्या पलीकडं उतरायला बघत होते आणि हा गडी त्यांना दंडाला धरून मागं ओढत होता. मग जी शिट्टी सुटली स्पीकरमधून! अख्ख्या सभागृहानं कानांवर हात ठेवले. आणि त्याच क्षणी निवेदकानं माईक तोंडाला लावला, "साहेबांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असल्याकारणानं, आपण कलावंताचा सत्कार आत्ताच उरकून घेत आहोत!"

उरकून! सर वाजवत होते हो. करंगळी अजून बटणावर होती. त्या वाजवत्या माणसाच्या अंगावर शाल टाकली. त्याच्या डोक्यावर फेटा दाबला, तो डोळ्यांवर आला. आणि हातात नारळ दिला. नारळ घ्यायला दोन्ही हात लागतात. सरांनी तारा सोडल्या. वाकून दोन्ही हातांनी नारळ घेतला.

मला अजून त्याचाच राग येतो. या लोकांचा येतो तो वेगळा. पण सर, तुम्ही तो घेतलात कशाला? टाळक्यात घालायचा होता एकेकाच्या!

साहेब गेले. त्यांच्यामागं अर्धं सभागृह गेलं. सरांनी नारळ कीबोर्डवर ठेवला, शाल घडी करून त्याच्याशेजारी ठेवली आणि गिटार गळ्यात तशीच अडकवून खाली उतरले. आई बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली होती, पुढ्यात शाळेचं मोकळं मैदान. मी मागोमाग गेलो, काखेत घोंगडी. मला वाटलं आता हा माणूस आईची माफी मागणार आणि तिला जीपमध्ये बसवणार.

आईनं मान वर केली. "ऱ्हायलं रं," ती म्हणाली. "माळावरच ऱ्हायलं."

सरांनी गळ्यातली गिटार पुढं घेतली. त्यांची गिटार पोकळ पोटाची होती, वायर नसली तरी जवळच्याला ऐकू यायची. त्यांनी आईच्या पायाशी उभं राहून अंगठा लावला, आणि गाणं जिथं तुटलं होतं तिथून धरलं. मग पाठ फिरवून चालायला लागले. वाजवत वाजवत, मैदानातून पलीकडच्या भिंतीकडं. एकदाही मागं बघितलं नाही.

मागून निवेदक धावत आला. हातात नारळ, काखेत शाल. "सर! ओ सर! तुमचा नारळ ऱ्हाय..."

पुरतं वाक्य त्याच्या तोंडातून निघू दिलं नाही मी. त्याची गचांडी धरली आणि कानात म्हणालो, "गप बे. एक शब्द काढलास तर हितंच गाडीन." माझं तोंड बघून असेल, नाहीतर आईकडं बघून असेल, तो जागच्या जागी थिजला. दारातून बाहेर पडणारे लोक आमच्याकडं बघून तिथंच थबकत गेले. कशासाठी गप्प राहायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं, तरी राहिले.

आणि ऐकू येत होतं. सरांच्या गिटारचा आवाज बारीक, मग आणखी बारीक. मी घोंगडी छातीशी धरून उभा होतो आणि कान असे ताणले होते की दुखायला लागले. कुठंतरी कुत्रं भुंकलं तर मला त्याचाही राग आला. मग मला ऐकू यायचं थांबलं. मी आईकडं बघितलं. तिचं अजून संपलं नव्हतं. ती काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. लांब, भिंतीजवळ पोचलेल्या सरांचा हात अजून तारांवर हलताना दिसत होता.

कितीतरी वेळानं तिनं श्वास सोडला.

"गेलं," ती म्हणाली.

काठी टेकवत उठली, लुगडं झटकलं आणि निवेदकाकडं वळली. तो नारळ पोटाशी धरून उभा होता.

"आता मार बाबा तुजी हाक," ती म्हणाली. "बोलीव त्याला. भूक लागली आसंल पोराला."

दिवसभर माईकवर गरजलेला तो माणूस. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

मग मी मारली.